साधी पेशी गाठीची पेशी कशी होते? कॅन्सरच्या जनुकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत शाळा-कॉलेजांत, महिला मंडळांत, दोन-तीनदा तर मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्येही मी पेशी आणि कॅन्सर या विषयावर बोलले. कार्यक्रम संपला की प्रश्न सुरू होतात, आणि घरी पोचेपर्यंत फोनवर आणखी येऊन पडलेले असतात. बारावीच्या मुलांचे वेगळे, घरात कोणी आजारी असलेल्यांचे वेगळे. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. एकाचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मी जीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. उपचाराचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

१. बाई, कॅन्सरचं जनुक म्हणजे काय? ते बाहेरून शरीरात शिरतं का?

बहुतेक वेळा ते आपलंच असतं, जन्मापासून आपल्या पेशीत असलेलं. माणसाच्या पेशीत प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं आहेत. त्यांतल्या काहींचं काम पेशीला "आता वाढ, एकाची दोन हो" हा निरोप पोचवणं. अशा धडधाकट जनुकाला प्रोटो-ऑन्कोजीन म्हणतात. त्यात असा बिघाड झाला, की निरोप नसतानाही ते "वाढ, वाढ" म्हणत राहतं, तर त्याच जनुकाला ऑन्कोजीन म्हणायचं. ग्रीकमध्ये "ऑन्कोस" म्हणजे गोळा, ओझं.

काही विषाणू खरोखरच बाहेरून जनुक आणतात. त्याबद्दल प्रश्न २ आणि ७ पाहा.

२. हे पहिल्यांदा कळलं कसं? प्रत्येक पुस्तकात कोंबडी का येते?

कारण गोष्ट खरंच एका कोंबडीपासून सुरू झाली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये पेटन राउस यांच्याकडे छातीला मोठी गाठ आलेली, पट्ट्यापट्ट्यांच्या पिसांची प्लिमथ रॉक कोंबडी आणली गेली. राउसनी ती गाठ वाटली. तो रस इतक्या बारीक गाळणीतून गाळला, की पेशी तर सोडाच, जिवाणूही पलीकडे जाऊ नये. मग तो दुसऱ्या कोंबडीला टोचला. तिलाही तशीच गाठ आली. पेशीहून कितीतरी बारीक असं काहीतरी गाळणीतून गेलं होतं. तो विषाणू होता. राउसनी हे १९११ मध्ये छापलं, पण फार थोड्यांनी मनावर घेतलं. नोबेल मिळालं ते १९६६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी.

पुढे कळलं, की या विषाणूजवळ एक जादा जनुक आहे आणि विषाणूच्या स्वतःच्या वाढीला ते लागतही नाही. सार्कोमा या गाठीच्या नावावरून त्याला "सार्क" म्हणतात. खरा धक्का १९७६ मध्ये बसला. सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल बिशप, हॅरल्ड व्हार्मस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी कोंबडीच्या डीएनएत सार्क शोधून पाहिलं, आणि ते तिथे होतं! बदकात होतं, एमूत होतं, पुढे माणसातही सापडलं. विषाणूनं ते कधीतरी कोंबडीच्या पेशीतूनच उचललं होतं. चोराच्या घरी आपल्याच नावाचं भांडं सापडावं, तसं झालं. बिशप आणि व्हार्मस यांना १९८९ चं नोबेल मिळालं.

मग कोंबडीतलं सार्क शहाणं आणि विषाणूतलं वेडं, असं का? बाजारात जिवंत कुर्ल्या विकायला ठेवतात, तेव्हा त्यांच्या नांग्या सुतळीनं बांधलेल्या असतात. सार्क प्रथिनाचं तसंच आहे. त्याच्या शेपटाजवळ, ५२७ व्या जागी टायरोसिन नावाचा अमायनो आम्लाचा मणी आहे. त्याच्यावर फॉस्फेट चढलं, की शेपूट वळून प्रथिनालाच बांधून ठेवतं आणि प्रथिन गप्प बसतं. काम असेल तेव्हा ही सुतळी सुटते, काम झालं की पुन्हा बांधली जाते. विषाणूनं जनुक उचललं तेव्हा शेपटाचा नेमका तेवढा तुकडा त्यात आला नाही. सुतळी नसलेली कुर्ली टोपलीत सोडल्यासारखं ते प्रथिन दिसेल त्याला धरत सुटतं. कर्क म्हणजे खेकडा हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला मात्र त्या नावापेक्षा ही सुतळी जास्त जवळची वाटते.

३. मग निसर्गानं असली जनुकं ठेवलीच कशाला?

मासे कापताना विळी बोटाला लागते. रक्त थांबतं, खपली धरते, आठवड्याभरात कातडी सांधते. तेवढ्या वेळात काय घडतं ते बघा. रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) जखमेपाशी एक वाढ-घटक सोडतात. आसपासच्या पेशींच्या अंगावर त्याला पकडणारे ग्राहक असतात. ग्राहकानं तो पकडला, की निरोप आत "रास" नावाच्या प्रथिनाकडे, तिथून आणखी दोन-तीन हातांतून थेट केंद्रकात जातो. तिथे "मिक" सारखी प्रथिनं विभाजनाची जनुकं जागी करतात. जखम भरली की वाढ-घटक संपतो आणि सगळं पुन्हा शांत.

या साखळीतली जवळजवळ प्रत्येक कडी कुठल्या ना कुठल्या गाठीत ऑन्कोजीन म्हणून सापडली आहे. १९८३ मध्ये तर कळलं, की माकडांत सार्कोमा करणाऱ्या विषाणूतलं "सिस" हे जनुक आणि बिंबिकांतल्या त्या वाढ-घटकाचं जनुक जवळपास एकच आहे. ही जनुकं नसती तर बोटही बरं झालं नसतं आणि आईच्या पोटात बाळही वाढलं नसतं.

४. साधं जनुक ऑन्कोजीन बनतं कसं?

सगळ्यात साधी वाट म्हणजे एका अक्षराची चूक. माणसाच्या जनुकसंचात डीएनएची सुमारे ३०० कोटी अक्षरं (ए, टी, जी, सी) आहेत. १९८२ मध्ये माणसाच्या मूत्राशयाच्या गाठीतल्या रास जनुकाची निरोगी रासशी अक्षराला अक्षर लावून तुलना केली, तेव्हा फरक निघाला फक्त एका अक्षराचा. जीजीसीच्या जागी जीटीसी, म्हणून प्रथिनात बाराव्या जागी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन. वर्गात मी हे सांगते तेव्हा मुलं गप्प होतात, आणि मीही दरवेळी थोडी थांबते.

त्या एका अक्षरानं काय बिघडतं, हे खारभूमीत राहणाऱ्यांना लगेच समजेल. बांधाला उघाडी असते. ओहोटीला तिची झडप उघडते आणि शेतातलं पाणी खाडीत जातं. भरती आली की पाण्याच्याच रेट्यानं झडप बंद होते, कोणी हात लावावा लागत नाही. रास अशीच स्वतःहून मिटणारी झडप आहे. जीटीपी नावाचा रेणू धरला की ती उघडी, आणि तो रेणू तिनंच तोडला की बंद. बाराव्या जागेवर व्हॅलिन आला, की तोडायच्या जागी अडसर बसतो. झडप उघडीच राहते आणि खारं पाणी शेतात येतच राहतं.

दुसरी वाट प्रतींची. जनुक बिघडलेलं नसतं, पण पेशीत त्याच्या दोनऐवजी कितीतरी प्रती झालेल्या असतात. स्तनाच्या काही गाठींत "हर-२" या वाढ-घटकाच्या ग्राहकाच्या जनुकाचं असं होतं, तर लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या चेतापेशींच्या गाठीत मिकच्या एका भावंडाचं. तिसरी वाट जागा बदलण्याची. बर्किट लिम्फोमा या लसिका-पेशींच्या कॅन्सरमध्ये आठव्या गुणसूत्रावरचं मिक तुटून बहुधा चौदाव्यावर, प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी जाऊन बसतं. ते शेजारी जनुक प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशीत सतत चालू असतं, म्हणून मिकही चालू राहतं. दीर्घ मुदतीच्या मायलॉइड रक्ताच्या कॅन्सरमध्ये नववं आणि बाविसावं गुणसूत्र तुकड्यांची अदलाबदल करतात आणि दोन जनुकं जोडून "बीसीआर-एबीएल" हे नवंच जनुक तयार होतं. चौथी वाट म्हणजे विषाणू स्वतः कुठलंही ऑन्कोजीन न आणता आपल्या जनुकाशेजारी घुसतो आणि त्याला चिथावतो. कोंबड्यांमधल्या ल्युकोसिस या रक्ताच्या कॅन्सरमध्ये विषाणू मिकच्या शेजारी बसलेला १९८१ मध्ये सापडला.

५. पेशी "बदलली" हे डोळ्यांना दिसतं का?

दिसतं, आणि एकदा पाहिलं की विसरत नाही. पोषक द्रव घातलेल्या बशीत निरोगी संयोजी पेशी वाढवल्या, की त्या तळाला चिकटून चपट्या पसरतात. शेजारणीला टेकली की प्रत्येक पेशी थांबते. खळ्यात एका थरात नीट वाळत घातलेली सुकट आठवा. आता यातल्या एखाद्या पेशीत सार्क किंवा बिघडलेलं रास गेलं, तर काही दिवसांत तिथे वेगळंच चित्र दिसतं. पेशी आखडून गोलसर होतात, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या कडा चकाकतात, त्या एकमेकींच्या अंगावर चढतात. एका थरातल्या सुकटीत मधेच कोणी ढीग केल्यासारखा उंचवटा येतो. याला "फोकस" म्हणतात. १९५८ मध्ये हॉवर्ड टेमिन आणि हॅरी रुबिन यांनी असे ढीग मोजायची पद्धत बसवली. विषाणूची ताकद बोटांवर मोजता येऊ लागली ती तेव्हापासून.

आणखी दोन खुणा आहेत. साध्या पेशीला पाय टेकायला तळ लागतो; बदललेली पेशी मऊ आगारच्या जेलीसारख्या लगद्यात अधांतरीही वाढते. आणि तिला वाढ-घटक फार कमी पुरतात, कारण निरोप ती स्वतःच स्वतःला देत असते. शेवटची कसोटी म्हणजे प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराला त्या पेशी टोचून गाठ येते का ते पाहणं.

या विषयात आपल्याकडच्या एका बाईंचं नाव मी मुलांना आवर्जून सांगते. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली आणि उंदरांच्या स्तनातल्या गाठींवर वर्षानुवर्षं काम केलं.

६. एक जनुक बिघडलं की कॅन्सर झालाच, असं आहे का?

नाही. हा प्रश्न घाबरलेल्या आवाजात येतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

रासचे पहिले प्रयोग "३टी३" नावाच्या उंदराच्या पेशींवर झाले आणि तिथे एकटं रास पुरलं. पण या पेशी प्रयोगशाळेत आधीच अमर झालेल्या होत्या, म्हणजे अर्धी वाट चालून आलेल्या. १९८३ मध्ये रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या कुळातल्याच मोठ्या प्राण्याच्या, घुशीच्या भाऊबंद रॅटच्या गर्भातून ताज्या पेशी काढून तोच प्रयोग केला. एकटं रास चाललं नाही. एकटं मिकही नाही. दोन्ही एकत्र घातली तेव्हा पेशी बदलल्या. माणसाच्या पेशी त्याहून चिवट. १९९९ मध्ये त्या पहिल्यांदा ठरवून बदलता आल्या, तेव्हा रासच्या जोडीला पेशीला अमर करणारं टेलोमरेज लागलं आणि आवर घालणारी जनुकं मोडून काढणारं एका विषाणूचं प्रथिनही.

खऱ्या शरीरात हे बिघाड एकामागून एक, वर्षानुवर्षांच्या अंतरानं साठतात. म्हणूनच बहुतेक कॅन्सर उतारवयात दिसतात. एक बिघाड झालेल्या पेशी तुमच्या-माझ्या अंगात आजही असतील. त्यातल्या बहुतेकींचं पुढे काहीही होत नाही.

७. आवर घालणारी जनुकं म्हणजे कोणती? तीही ऑन्कोजीनच का?

ती उलट्या बाजूची. प्रश्न ४ मधली उघाडी ऑन्कोजीन धरली, तर ही जनुकं म्हणजे बांध. ऑन्कोजीनची एक प्रत बिघडली तरी पुरते. बांध फुटायला बहुधा दोन्ही प्रती जाव्या लागतात. लहान मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमाचा अभ्यास करून आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये हे मांडलं. सगळ्यात महत्त्वाचं नाव पी-५३. डीएनएला इजा झाली की हे प्रथिन पेशीला थांबवतं, दुरुस्ती होत नसेल तर मरायला लावतं. माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये ते बिघडलेलं असतं. गंमत अशी, की १९७९ मध्ये सापडलं तेव्हा बरीच वर्षं त्यालाच ऑन्कोजीन समजत होते. १९८९ मध्ये चूक उमगली.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण होणारा एचपीव्ही विषाणू नेमका हाच बांध फोडतो. त्याचं ई-६ प्रथिन पी-५३ नष्ट करवतं आणि ई-७ प्रथिन आरबी नावाच्या दुसऱ्या आवरकर्त्याला निकामी करतं. या विषाणूवर लस आहे. मुली वयात येण्याच्या सुमारास ती घेतलेली उत्तम.

८. अंगावरचा तीळ वाढला, त्यात ऑन्कोजीन असतं म्हणतात. खरं का?

खरं. आणि तरीही घाबरू नका. नंतर उमटलेल्या बहुतेक तिळांमध्ये "बीआरएएफ" हे जनुक बिघडलेलं सापडतं, मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये सापडतं तसंच. त्या बिघाडानं पेशी काही काळ वाढते, तीळ उमटतो. मग पेशीतलीच आवर घालणारी यंत्रणा अति झालेला निरोप ओळखते आणि पेशीला कायमचं थांबवते. तीळ चाळीस-पन्नास वर्षं तेवढाच राहतो तो यामुळे. मात्र तिळाचा आकार वेडावाकडा होऊ लागला, रंग ठिकठिकाणी बदलला, त्यातून रक्त आलं, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

९. मशेरी आणि सुपारी जनुकापर्यंत पोचतात कशा? आमची आजी आयुष्यभर मशेरी लावते, तिला काही झालं नाही.

तव्यावर तंबाखू काळपट भाजायची, चुरायची, डब्यात भरायची, आणि सकाळी चुलीपाशी बसून बोटानं दातांना लावायची. कोकणातल्या कितीतरी घरांत हे मी पाहिलं आहे, माझ्या माहेरीसुद्धा. ती व्यसन वाटत नाही, दात घासणं वाटतं, म्हणून सुटत नाही.

तंबाखूत नायट्रोसअमाइन नावाची रसायनं असतात. ती पेशीत शिरली, की पेशी त्यांना पाण्यात विरघळण्याजोगं करून बाहेर टाकायला बघते. त्याच खटाटोपात त्यांचं तिखट, चिकटणारं रूप तयार होतं आणि ते डीएनएला धरतं. कधी ते जी या अक्षरावर एक छोटा मिथिल गट बसवतं. विभाजनाच्या वेळी नक्कल करणारं यंत्र ते जी चुकीचं वाचतं, समोर सीऐवजी टी बसवतं, आणि पुढच्या पिढीत जीचं ए होतं. बहुतेक चुका दुरुस्त होतात. एखादी रासच्या बाराव्या जागी पडली, की प्रश्न ४ मधली झडप अडकते. १९९१ मध्ये मुंबईच्या संशोधकांनी तंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडाच्या गाठी तपासल्या, तेव्हा सुमारे तिसऱ्या हिश्श्यात रास कुटुंबातलं एच-रास बिघडलेलं सापडलं.

सुपारीबद्दल बोललं की श्रीवर्धनकडे लोक नाराज होतात. रोठा सुपारीवर घरं चालतात, मला कल्पना आहे. पण तंबाखूशिवाय नुसती सुपारीही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. चुन्याबरोबर चघळताना तिच्यातून डीएनएला इजा करणारे ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू निघतात, आणि गालाची आतली कातडी ताठ होऊन तोंड उघडणं कमी होत जातं. तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, पांढरा किंवा लाल चट्टा पंधरा दिवसांत गेला नसेल, तर दाखवा.

आजीला काही झालं नाही, कारण चूक नेमकी कुठल्या अक्षरावर पडेल हे नशिबाचं असतं. मशेरी रोज लावली, तर रोज नव्यानं नशीब पाहिलं जातं.

१०. आईला कॅन्सर झाला. मला, माझ्या मुलीला होणार का?

शंभरात साधारण पाच ते दहा कॅन्सरच आनुवंशिक बिघाडामुळे होतात. उरलेल्यांतला बिघाड एका पेशीत, आयुष्यात कधीतरी झालेला असतो आणि मुलांकडे जात नाही. जे आनुवंशिक असतात त्यांत बहुतेक वेळा बांधाचं जनुक (प्रश्न ७) गेलेलं असतं, जसं स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडलेलं बीआरसीए. चालू असलेलं ऑन्कोजीनच आईबापाकडून आलं, असं क्वचित घडतं. थायरॉइडच्या एका कॅन्सरमधलं "रेट" हे त्याचं ठळक उदाहरण. त्या घरांतल्या मुलांची तपासणी लहानपणीच करतात. घरात तरुण वयात, एकाच बाजूच्या दोघा-तिघांना कॅन्सर झाला असेल, तर जनुकीय समुपदेशन घ्या. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये ती सोय आहे.

एका मुलीचं ठरलेलं लग्न आईच्या कॅन्सरवरून मोडलेलं मी जवळून पाहिलं आहे. तिच्या आईच्या आजारात आनुवंशिक काही नव्हतं. आणि असतं, तरी काय बिघडलं असतं?

११. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागतो का? आम्ही ताट-पेला वेगळा ठेवलाय.

ताट-पेला आजच एकत्र करा. जेवणातून, स्पर्शातून, खोकल्यातून कॅन्सर लागत नाही. दुसऱ्याच्या गाठीची पेशी तुमच्या शरीरात आलीच, तरी प्रतिकारशक्ती ती परकी म्हणून ओळखते आणि मारते. अवयव प्रत्यारोपणानंतर, औषधांनी प्रतिकारशक्ती दाबलेली असताना, अपवाद घडले आहेत. घरातल्या माणसांचा त्याच्याशी संबंध नाही. एचपीव्ही किंवा कावीळ बी चे विषाणू पसरतात हे खरं, पण पसरतो तो विषाणू. दोन्हींवर लसी आहेत.

प्राण्यांत मात्र खरोखर लागणारा कॅन्सर आहे, आणि तो आपल्या गल्लीत फिरतो. भटक्या कुत्र्यांच्या जननेंद्रियावर कोबीसारखी, रक्त येणारी गाठ दिसते ना? समागमातून त्या गाठीच्या पेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात. हजारो वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याच्या शरीरातल्या पेशी आजवर जगत आल्या आहेत. त्यांच्या मिक जनुकाजवळ डीएनएचा एक भटका तुकडा घुसलेला असतो. गाठ ओळखण्यासाठी तीच खूण वापरतात. माणसाला यापासून धोका नाही. कुत्र्याला दगड मारू नका. व्हिन्क्रिस्टीनच्या इंजेक्शनांनी बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात.

१२. तिसऱ्यांनासुद्धा (शिंपल्यांना) कॅन्सर होतो असं वाचलं. खाव्यात की नको?

२०१५ मध्ये उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या एका जातीच्या शिंपल्यांत रक्ताच्या कॅन्सरसारखा आजार पाण्यातून पेशींमार्फत पसरतो असं सिद्ध झालं. नंतर इतर काही जातींतही दिसलं. त्या पेशी माणसात जगू शकत नाहीत, कालवणात तर नाहीच नाही. तिसऱ्या-कालवांची काळजी घ्यायची ती गटाराचं पाणी सुटतं त्या खाडीतल्या असतील म्हणून. चांगल्या पाण्यातल्या घ्या, पूर्ण शिजवा.

१३. गावठी कोंबडीचे पाय लुळे पडले, कापल्यावर आत गाठी निघाल्या. खाल्ली तर?

हा बहुधा मरेकचा आजार. तो नागीण कुळातल्या विषाणूमुळे होतो, कोंड्यासारख्या पिसांच्या धुळीतून पसरतो आणि विषाणूचं स्वतःचं ऑन्कोजीन टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींना वाढवत सुटतं. माणसाला तो होत नाही. तरी आजारी पक्षी खाऊ नका. पुरून टाका, खुराडं साफ करा. पिल्लू एक दिवसाचं असताना लस देतात. कॅन्सर रोखणारी ही जगातली पहिली लस, १९७० च्या सुमाराची.

१४. झाडाला गाठी येतात, तोही कॅन्सरच का?

आंब्याच्या पानांवरच्या बारीक गाठी मिजमाशीच्या असतात. पण गुलाबाच्या किंवा द्राक्षाच्या बुंध्यापाशी येणारी खडबडीत गाठ कॅन्सरच्या फार जवळ जाते. तिथे एक जिवाणू आपल्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो आणि पेशी वाढीची संप्रेरकं भरमसाट बनवू लागते. झाडाच्या पेशी भिंतीत चिणलेल्या असतात, म्हणून ती गाठ प्राण्यांसारखी दुसरीकडे पसरत नाही.

१५. ऑन्कोजीन बंद केलं तर पेशी पुन्हा सुधारते का?

कधी कधी हो, आणि याचा पुरावा फार सुंदर आहे. १९७० मध्ये स्टीव्ह मार्टिन यांना राउसच्या विषाणूचा (प्रश्न २) एक प्रकार मिळाला, ज्याचं सार्क तापमानाला हळवं होतं. बशी ३६ अंशांवर ठेवली की पेशी गोल होऊन एकमेकींवर चढायच्या. तीच बशी ४१ अंशांवर नेली, की काही तासांत त्याच पेशी पुन्हा चपट्या, शहाण्यासारख्या पसरायच्या. पुन्हा खाली आणलं की पुन्हा वेड्या. गाठीचा स्वभाव टिकवायला जनुक सतत चालू लागतं, हे यातून दिसलं.

औषधांची आशा इथूनच उगवली. बीसीआर-एबीएल बंद करणारं इमॅटिनिब २००१ मध्ये आलं आणि जिवावरचा एक रक्ताचा कॅन्सर बहुतेकांसाठी रोज गोळी घेऊन जगण्याचा आजार झाला. पण काही रुग्णांत त्याच जनुकात आणखी एक अक्षर बदलतं आणि गोळी त्याला धरू शकत नाही; मग औषध बदलावं लागतं. घन गाठींत एकाच वेळी बरेच बिघाड असतात, म्हणून तिथे एक जनुक बंद करून क्वचितच भागतं.

१६. ऑन्कोजीन पूर्ण चालू आहे, तरी गाठ नाही, असं होतं का?

होतं. तिळाचं उदाहरण प्रश्न ८ मध्ये दिलं. हे त्याहून अवघड आहे. १९८४ मध्ये मीना बिसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यानं राउसचा विषाणू अंड्यातल्या कोवळ्या पिल्लाच्या गर्भात टोचला. सार्क चालू झालं, पण गाठ आली नाही. त्याच गर्भाच्या पेशी सुट्या करून बशीत ठेवल्या, तर त्या बदलल्या! म्हणजे भोवतालच्या ऊतींनी त्यांना धरून ठेवलं होतं. मोठ्या कोंबडीत मात्र टोचल्या जागी गाठ येते आणि दुसरीकडे जखम केली तर तिथेही येऊ शकते. जनुकाइतकाच शेजारही महत्त्वाचा, हे मान्य व्हायला पुढे बराच काळ गेला.

१७. रिपोर्टमध्ये "के-रास वाइल्ड टाइप" लिहिलंय. वाइल्ड म्हणजे जंगली, खवळलेला कॅन्सर ना?

गेल्या वर्षभरात सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. एका मुलानं वडिलांचा रिपोर्ट रात्री दीड वाजता पाठवला होता आणि खाली फक्त "बाई, संपलं का?" एवढंच होतं. "वाइल्ड टाइप" म्हणजे निसर्गात सर्वसाधारणपणे असतं तसं, न बिघडलेलं जनुक. तुमच्या गाठीत के-रास, म्हणजे रास कुटुंबातलं एक जनुक, शाबूत आहे, एवढाच त्याचा अर्थ. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये तर याचा उपयोग होतो, कारण ईजीएफआर या ग्राहकाला अडवणारी औषधं सहसा के-रास शाबूत असेल तरच चालण्याची शक्यता असते. प्रश्न ४ मधली झडप आधीच उघडी अडकलेली असेल, तर वरचा ग्राहक अडवून निरोप थांबत नाही.

उलट "के-रास जी-१२-सी" असं लिहिलं असेल, तर बाराव्या जागी ग्लायसिनऐवजी सिस्टिन आहे. रासला धरणारं औषध बनतच नाही, असं जवळपास चाळीस वर्षं मानत होते. या एका बदलाला धरणारं पहिलं औषध, सोटोरासिब, फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. "हर-२ पॉझिटिव्ह" असेल तर प्रश्न ४ मधला प्रतींचा प्रकार, आणि त्यावर ट्रास्टुझुमॅब १९९८ पासून आहे. रिपोर्टची दोन्ही पानं डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा: कुठलं जनुक तपासलं, ते शाबूत आहे की बिघडलेलं, आणि त्यामुळे माझं औषध बदलतं का. त्या मुलाच्या वडिलांचं बदललं.